लोकमान्यांच्या वजनाचा हिशेब

वजन कमी करायचे म्हणून ओपीडीत आलेल्या माणसाला मी आधी एवढेच विचारते, की काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले. उत्तर बहुतेक वेळा ठरलेले असते. सकाळी थोडे पोहे, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, रात्री तेवढेच, तरी वजन वाढतेच आहे. पोह्यांवरची तर्री, दिवसभरातले चार चहा, संध्याकाळचा समोसा आणि जेवणानंतरचा संत्रा बर्फीचा तुकडा या यादीत नसतो. ही माणसे खोटे बोलत नाहीत. या गोष्टी हिशेबात धरायच्या असतात, हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

दुसऱ्या टोकाचे रुग्णही येतात. त्यांनी आठ दिवस नुसत्या काकडीवर काढलेले असतात, चार किलो उतरलेले असतात आणि महिन्याभरात पाच किलो परत चढलेले असतात. दोघांचीही अडचण एकच. शरीरात किती येते आणि किती जाते, हा जमाखर्च त्यांनी कधी मांडलेला नसतो. तो समजावताना मला लोकमान्य टिळकांच्या आयुष्याचा फार उपयोग होतो. टिळक लठ्ठ कधीच नव्हते. पण त्यांच्या चौसष्ट वर्षांत वजन वाढण्याचे आणि उतरण्याचे जवळजवळ सगळे प्रकार येऊन गेले. एक ऑगस्टला आपण त्यांची आठवण काढतो, ती या अंगाने काढली तर आपल्या ताटापर्यंत येते.

तालमीचे एक वर्ष

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीला झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. पुढे शाळाखात्यातील बढतीमुळे १८६६ मध्ये कुटुंब पुण्याला आले. त्याच सुमारास आई गेली. १८७१ मध्ये लग्न झाले आणि १८७२ मध्ये वडीलही गेले. त्याच वर्षी मॅट्रिक होऊन १८७३ च्या सुरुवातीला टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेव्हा त्यांची प्रकृती अगदी किरकोळ होती. अंगापेक्षा डोके मोठे दिसावे अशी ती अंगकाठी. मित्र त्यावरून चिडवत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

टिळकांनी ते मनावर घेतले. कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी पूर्णपणे शरीराला दिले. रोज तालीम, कुस्ती, पोहणे, होडी वल्हवणे आणि त्याला साजेसे भरपूर खाणे असा क्रम ठेवला. अभ्यास मागे पडला आणि त्या वर्षीच्या परीक्षेत ते नापास झाले. पण शरीर असे घडले, की पुढचे तीन तुरुंगवास ते सोसू शकले. औषधाच्या बाटल्या जवळ बाळगणाऱ्या नाजूक सोबत्यांच्या त्या बाटल्या ते फेकून देत आणि त्यांना तालमीत ओढत, अशीही आठवण सांगितली जाते. डॉक्टर म्हणून बाटल्या फेकायला मी कोणाला सांगणार नाही, पण तालमीचा भाग मला मान्य आहे.

या वर्षात झाले काय? शरीर जेवढे खर्च करत होते त्यापेक्षा जास्त अन्न आत येत होते. याला शिल्लक म्हणू. शिल्लक राहिली की वजन वाढते. ते कशाच्या रूपात वाढेल, हे मात्र आपण काय करतो यावर ठरते. बसून राहणाऱ्या माणसाची शिल्लक पोटावर चरबी होऊन साठते. कुस्ती आणि दंड-बैठका करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाची शिल्लक बऱ्याच अंशी स्नायूंत जाते. काट्यावर दोघांचे दोन किलो सारखेच दिसतात, पण शरीराच्या दृष्टीने ते एक नसतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण वजन उतरतानाही हाच नियम उलट्या बाजूने लागू होतो.

डोंगरीचे एकशे एक दिवस

१८७६ मध्ये टिळक बी.ए. झाले, १८७९ मध्ये एल्‌एल. बी. झाले. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले आणि १८८१ च्या जानेवारीत केसरी व मराठा ही पत्रे निघाली. पहिल्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराजांना होणाऱ्या जाचाबद्दल जे छापले त्यावरून दिवाण बर्वे यांनी खटला भरला. टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १७ जुलै १८८२ रोजी दोघे मुंबईच्या डोंगरी तुरुंगात गेले आणि सूट मिळून २६ ऑक्टोबरला बाहेर आले. आगरकरांनी पुढे या एकशे एक दिवसांवर पुस्तकच लिहिले.

तुरुंगात कैद्याचे वजन होत असे. त्यामुळे एक आकडा आपल्या हाती आला आहे. सुटेपर्यंत टिळकांचे वजन २४ पौंडांनी आणि आगरकरांचे १६ पौंडांनी उतरले होते. म्हणजे टिळकांचे सुमारे ११ किलो आणि आगरकरांचे सव्वासात किलो.

आता थोडे गणित करू. शरीरातली एक किलो चरबी जळली की साधारण ७,७०० उष्मांक मिळतात. उष्मांक म्हणजे कॅलरी, अन्नातली आणि शरीराच्या खर्चातली ऊर्जा मोजायचे माप. ११ किलोला ७,७०० ने गुणले तर सुमारे ८४ हजार उष्मांक होतात. त्याला १०१ ने भागले तर रोजचे ८३० च्या आसपास येतात. म्हणजे टिळकांच्या शरीराला लागत होते त्यापेक्षा रोज सुमारे ८३० उष्मांक कमी पडत होते. आगरकरांच्या बाबतीत हाच आकडा साडेपाचशेच्या आसपास येतो. या रोजच्या कमी पडण्यालाच तूट म्हणतात. वजन कमी करण्याच्या प्रत्येक उपायामागे, त्याचे नाव काहीही असो, ही तूटच काम करत असते.

गणित ढोबळ आहे. कारण उतरलेले अकरा किलो निव्वळ चरबीचे नव्हते. मुळात अंगावर फार चरबी नसलेल्या माणसाला शंभर दिवस अर्धपोटी ठेवले, की शरीर स्नायू मोडून ऊर्जा काढते आणि त्याबरोबर पाणीही जाते. एक किलो स्नायू गेला तर त्यातून चरबीच्या मानाने फारच कमी उष्मांक मिळतात. त्यामुळे खरी तूट ८३० पेक्षा कमी असणार आणि कमावलेल्या शरीराचे नुकसान जास्त असणार. डेक्कन कॉलेजात वर्षभर घाम गाळून बांधलेल्या शरीराचा काही भाग डोंगरीने असा काढून घेतला.

अमेरिकेतली तांब्याची खोली

टिळकांची दुसरी शिक्षा १८९७ ची. राजद्रोहाच्या खटल्यात १४ सप्टेंबरला त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. योगायोग असा, की जवळपास त्याच काळात अमेरिकेतल्या मिडलटाउन गावी विल्बर ॲटवॉटर हा शास्त्रज्ञ एका खोलीत माणसांना बसवून त्यांचा जमाखर्च मोजत होता. तांब्याने मढवलेल्या त्या बंद खोलीत माणूस काही दिवस राहत असे. आत जाणारे अन्न तोलले जाई, शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजली जाई, मलमूत्रही तपासले जाई. खाल्लेल्या अन्नातली ऊर्जा आणि शरीराने खर्च केलेली ऊर्जा यांचा मेळ बसतो, हे त्याने दाखवून दिले. माणूस या नियमाला अपवाद नाही, हे तेव्हा पक्के झाले.

ॲटवॉटरने दिलेले आकडे आपण आजही वापरतो. एक ग्रॅम कर्बोदके म्हणजे साखर, तांदूळ, गहू यांतला मुख्य घटक, त्यातून ४ उष्मांक. एक ग्रॅम प्रथिनांतून ४. एक ग्रॅम तेल-तुपातून ९. दारूतून ७. बिस्किटाच्या पुड्यामागे छापलेला आकडा याच हिशेबातून येतो. तेल दुपटीहून महाग पडते, एवढे लक्षात ठेवले तरी नवख्या माणसाचे अर्धे काम होते.

येरवडा आणि सिंहगड

इकडे टिळकांचा जमाखर्च पुन्हा तुटीत गेला होता. डोंगरी, भायखळा आणि मग येरवडा असे तुरुंग झाले. काम काथ्याचे, खाणे जाडेभरडे. कांदा-लसूण घातलेले कालवण त्यांना चालत नसे, म्हणून कोरडी भाकरी पाण्यात भिजवून ते खात, असे चरित्रकार लिहितात. वजन झपाट्याने उतरले. मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी सरकारकडे रदबदली केली आणि ६ सप्टेंबर १८९८ रोजी त्यांची सुटका झाली. येरवड्यात रात्री दिव्याखाली वेदांचा अभ्यास करायला मिळालेल्या परवानगीतून पुढे त्यांचा आर्यांच्या मूलस्थानावरचा ग्रंथ उभा राहिला. शरीर मात्र पार खंगले होते.

सुटल्यावर ते सिंहगडावर जाऊन राहिले. तिथे त्यांचे स्वतःचे छोटे घर होते. गडाची हवा, चालणे आणि घरचे अन्न यांनी दोन-तीन महिन्यांत ते सावरले आणि डिसेंबरात मद्रासच्या काँग्रेसलाही गेले.

उपाशी राहून उतरलेले वजन परत का चढते, याचे उत्तर पुढे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मिळाले. अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याबरोबर नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली आणि डोक्यात अन्नाशिवाय दुसरा विचार उरला नाही. शरीराने आपला खर्चच कमी केला होता. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर त्यांच्यात आधी चरबी भरली गेली, ती अनेकांच्या बाबतीत पूर्वीपेक्षा जास्त, आणि स्नायू मागून आले.

आठ दिवस काकडीवर राहणाऱ्या माझ्या रुग्णांचे हेच होते. पहिल्या आठवड्यात उतरलेल्या चार किलोंत बरेचसे पाणी असते. ते पाहून उत्साह येतो. मग शरीर काटकसर करू लागते, भूक अनावर होते आणि एक दिवस बांध फुटतो. टिळकांवर ही उपासमार लादली गेली होती, आपण ती हौसेने ओढवून घेतो.

मंडालेतला सातू

तिसरी शिक्षा सर्वात मोठी. २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. साबरमतीत काही आठवडे काढल्यावर सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशातल्या मंडाले येथे नेले. तेव्हा टिळक बावन्न वर्षांचे होते आणि त्यांना मधुमेह होता.

मधुमेहातही वजन उतरते, आणि त्यामागेही तूटच असते. इन्सुलिन पुरेसे नसले की रक्तातली साखर पेशींत शिरत नाही आणि लघवीवाटे वाहून जाते. साखर खूप वाढलेल्या माणसाच्या लघवीतून दिवसाला शंभर ग्रॅमपर्यंत साखर जाऊ शकते. म्हणजे चारशे उष्मांक, चार पोळ्यांएवढे अन्न खाऊनही अंगी न लागणे. रुग्ण भरपूर खातो, सारखे पाणी पितो आणि तरी वाळत जातो. म्हणून एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. काहीही न करता वजन उतरू लागले तर आनंद मानू नका, तपासणीला या. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड आणि कर्करोग हे चारही आजार कधी कधी आधी काट्यावर दिसतात.

१९०८ मध्ये मधुमेहावर इन्सुलिन नव्हते, गोळ्या नव्हत्या. आहार एवढेच औषध होते. त्याच्या कितीतरी आधी, १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना, बूशार्दा नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले होते, की शहरात अन्न तुटपुंजे झाल्यावर त्यांच्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतली साखर कमी झाली. त्यामुळे कमी खाणे आणि धान्य बदलणे हाच त्या काळचा उपचार होता.

मंडालेत टिळकांनी भात आणि गहू सोडून सातूवर भर दिला. त्यांचे जेवण करायला तुरुंगातलाच एक मराठी कैदी दिलेला होता. आपल्याकडे सातूचे पीठ म्हटले, की भाजलेल्या गव्हा-डाळव्याचे गोड कालवून खायचे पीठ डोळ्यांसमोर येते. हे ते नव्हे. हा सातू म्हणजे जव. त्यात विरघळणारा तंतू भरपूर असतो. तो पोटात चिकट होतो, साखर सावकाश शोषली जाते आणि थोडक्यात पोट भरल्यासारखे वाटते. या बदलाने त्यांचा मधुमेह आटोक्यात राहायला मदत झाली. याच कोठडीत १९१०-११ च्या हिवाळ्यात त्यांनी पेन्सिलीने गीतारहस्य लिहून काढले.

मला या भागाचे सर्वात जास्त महत्त्व वाटते. डोंगरीत आणि येरवड्यात कमी खाणे त्यांच्यावर लादले गेले होते, त्याने शरीर खचले. मंडालेत काय खायचे हे त्यांनी आजार समजून घेऊन ठरवले, एकच साधा बदल केला आणि तो महिनोन्महिने पाळला. एका माणसाच्या आयुष्यात तूट तीन रूपांत आली. भुकेची तूट, आजाराची तूट आणि समजून-उमजून पाळलेले पथ्य. आपल्याला यातली फक्त तिसरी हवी आहे.

१९१४ च्या जूनमध्ये टिळक सुटले. पुढची सहा वर्षे त्यांनी शरीराकडे फारसे पाहिले नाही. होमरूलच्या प्रचारासाठी ते आपल्या वऱ्हाड-नागपूरकडेही फिरले, १९१८-१९ मध्ये वर्षभर इंग्लंडात राहिले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात तापाचे निमित्त होऊन न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. त्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचे मोठे अधिवेशन भरले, ते त्यांच्याविना. पुढच्याच वर्षी टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्या रुग्णाला टोचले गेले.

आपल्या ताटातला हिशेब

आता नवख्या माणसाने सुरुवात कशी करावी?

पहिले तीन दिवस काहीही बदलू नका. फक्त लिहा. तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट, चहातल्या साखरेसह. मुलाच्या ताटात उरलेले खाल्ले तर तेही लिहा. यातला एक दिवस रविवारचा असू द्या.

दुसरे, आपला खर्च काढा. बैठे काम करणाऱ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण २५ ते ३० उष्मांक लागतात. वजन बरेच जास्त असेल तर २५ चाच आकडा धरा. ७२ किलोची, घरकाम आणि ऑफिस करणारी बाई असेल तर सुमारे १,८००. त्यातून ४०० ते ५०० वजा करा. म्हणजे १,३०० ते १,४००. रोज ५०० ची तूट पडली तर आठवड्याला ३,५०० होते आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास उतरते. याहून घाई नको. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बाईने १,२०० च्या आणि पुरुषाने १,५०० च्या खाली जाऊ नये.

तिसरे, ही तूट आणायची कुठून ते पाहा. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज सुमारे ३० ग्रॅम तेल येते, म्हणजे २७० उष्मांक. तेलाची पिशवी महिन्याऐवजी दोन महिने पुरवली तर १३५ वाचले. चार कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, १६० उष्मांक. निम्मी केली तर ८० वाचले. संध्याकाळचा समोसा साधारण २५० चा असतो. त्याऐवजी मूठभर भाजलेले चणे आणि एक संत्रे घेतले तर शंभराच्या आसपास वाचतात आणि पोटही भरते. तीनशेपर्यंत आपण पोळीला हात न लावता पोहोचलो. उरलेले शंभर-दीडशे रात्रीच्या भाताचा दुसरा वाढा सोडून येतात. सावजीचा रस्सा कायमचा बंद करा असे मी नागपूरकरांना सांगणार नाही. महिन्यातून एकदा खा, वर तरंगणारे तेल बाजूला काढा आणि त्या दिवशी ते लिहा.

चौथे, स्नायू सांभाळा. इथे टिळकांची तालीम कामाला येते. तुटीच्या काळात प्रथिने कमी पडली आणि व्यायाम नसला तर शरीर स्नायू मोडते. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, दही, ताक किंवा चालत असेल तर अंडी-मासे असू द्या. आठवड्यातून दोन-तीनदा बैठका, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढे घरच्या घरी जमते. रोज अर्धा तास भरभर चालण्याने १२० ते १५० उष्मांक जातात. चांगले आहे, पण समोशाचे दार उघडे ठेवून नुसते चालण्याने वजन उतरत नाही.

पाचवे, काटा आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट रिकामे असताना. रोजच्या चढउतारात पाणी आणि मीठ बोलत असते. दोन-तीन महिन्यांनी वजन उतरायचे थांबते तेव्हा घाबरू नका. हलक्या झालेल्या शरीराला कमी लागते, म्हणून जुनी तूट आता तूट राहिलेली नसते. हिशेब नव्या वजनावर पुन्हा मांडा.

दोनदाच जेवावे की चारदा थोडे थोडे खावे, हा प्रश्न नागपुरात हमखास येतो. आपल्या गावचे डॉ. श्रीकांत जिचकार दिवसातून दोनदाच खाण्याचा आग्रह धरत आणि इन्सुलिनच्या अंगाने तो समजावून सांगत. अनेकांना या पद्धतीचा फायदा होतो. मधले खाणे बंद झाले की चहासोबतची बिस्किटे आणि फरसाण आपोआप सुटते आणि तूट पडते. पण त्या दोन जेवणांत दिवसभराचे सगळे उरकले तर वजन हलत नाही. ठरावीक वेळांतच खाणे आणि दिवसभर थोडे कमी खाणे यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दोन्हींचे फळ बहुतेक वेळा सारखेच निघाले आहे. जी पद्धत तुम्ही वर्षभर पाळू शकाल ती तुमची.

कोणी आधी डॉक्टरांना भेटावे

गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता, वाढती मुले, आधीच बारीक असलेले वृद्ध आणि मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी आपल्या मनाने तूट काढू नये. मधुमेहाच्या रुग्णांनी तर नाहीच. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण कमी केले आणि औषध तेवढेच ठेवले, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. असे रुग्ण आमच्याकडे रात्री-अपरात्री येतात आणि दर वेळी घरचे सांगतात, की पथ्य चालू केले होते.

पण योग्य देखरेखीत हीच तूट मोठे काम करते. ब्रिटनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या जाड रुग्णांना काही महिने साधारण ८५० उष्मांकांचा आहार दिला गेला. वर्षाअखेरीस त्यांतल्या ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. ज्यांचे वजन जास्त उतरले, त्यांच्यात हे प्रमाण आणखी वर होते. बूशार्दांना वेढ्यातल्या पॅरिसमध्ये जे दिसले होते, त्याला असा आकड्यांचा आधार मिळाला.

आपल्याकडे बॉडी मास इंडेक्स २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. आज घरी शिवणाची टेप काढा, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा आणि एका वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. त्याच पानावर उद्या सकाळचा पहिला चहा लिहायचा आहे, किती चमचे साखर घातली त्यासह.